"जाऊ दे ना, कशाला बोलायचं" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आज डोकं फिरलंय, आणि ते शांत होईपर्यंत थांबले तर मी हे कधीच लिहिणार नाही, म्हणून आत्ताच लिहितेय. मोठं होईल. वेळ असेल तर वाचा.

झालं असं की आज एका बैठकीत विषयावरून विषय निघाला आणि कुणीतरी सांगितलं की परवा ओळखीतल्या एकाला अचानक फिट आली, बघणारे सगळे घाबरून गेले. लगेच एक वयाने मोठे गृहस्थ सांगायला लागले की त्यात घाबरायचं काय, आधी तोंडात चमचा घालायचा म्हणजे जीभ गिळली जात नाही, मग हातपाय घट्ट धरून ठेवायचे आणि जरा पाणी पाजायचं. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी, नर्सिंग शिकतेय, अगदी हळू आवाजात म्हणाली की काका, तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं असतं. बस, एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला अडाणी म्हटलं नाही. आणि सगळे असे गप्प झाले जशी काही तिने शिवीच हासडली. ते गृहस्थ म्हणाले, आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत बाळा. कुणीतरी विषय बदलायला लागलं. मग मी बोलले, की ती बरोबर सांगतेय, माझ्या भावाला फिट येते, आम्हाला डॉक्टरांनी हेच सांगितलंय. तेव्हा कुठे लोकांनी "हो का, बरं बरं" केलं. म्हणजे जी शिकतेय तिचं ऐकायचं नाही, जिच्या घरात दुखणं आहे तिचं ऐकायचं, तेही कीव आली म्हणून! आणि निघताना एक बाई त्या मुलीला बाजूला घेऊन समजावत होत्या, "अगं तू बरोबर असशील, पण चारचौघांत कशाला बोलायचं? त्यांचा हेतू चांगला होता ना."

हे "हेतू चांगला होता" मला आता सहन होत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं माझ्या जवळच्यांना माहितीच आहे. शाळेत असल्यापासून त्याला फिट येते. एका घरगुती कार्यक्रमात, भरल्या गर्दीत त्याला फिट आली आणि आमच्याच एका नातेवाइकांनी, ज्यांचा त्याच्यावर अक्षरशः जीव आहे, धावत जाऊन चमचा आणला आणि त्याचा दांडा त्याच्या दातांत घुसवला. पुढचा दात तुटला. तो तुकडा श्वासनलिकेत गेला असता तर काय झालं असतं हा विचार माझी आई अजून करते. दोघांनी त्याचे हात जमिनीवर दाबून धरले होते, त्याचा खांदा पुढे कितीतरी दिवस दुखत होता. आणि तो नीट भानावर यायच्या आत कुणीतरी तोंडात पाणी ओतलं, त्याला असा ठसका लागला की मला वाटलं संपलं सगळं. तिथल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नव्हता हो. एकाचाही नाही.

जीभ गिळली जात नाही. जाऊच शकत नाही, ती खालून तोंडाला जोडलेली असते. चावली जाऊ शकते, रक्त येतं, बघून धडकी भरते, पण ती जखम भरून येते. तुटलेला दात परत येत नाही. आणि ज्याने बोटं घातली त्याची बोटंही जबड्यात सापडू शकतात, कारण त्या वेळी जबडा माणसाच्या ताब्यात नसतो.

मग करायचं काय? आजूबाजूच्या टोकदार, कडक वस्तू दूर सरकवायच्या. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घडी घातलेला शर्ट चालतो. गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करायचं. हातपाय धरायचे नाहीत, झटके येऊ द्यायचे. झटके थांबले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येते, श्वास मोकळा राहतो. आणि घड्याळ बघायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही. ५ मिनिटांच्या पुढे गेली, किंवा भानावर यायच्या आत दुसरी आली, किंवा पहिल्यांदाच आली असेल, किंवा माणूस पाण्यात होता, किंवा बाई गरोदर असेल, किंवा लागलंय, तर ताबडतोब अँब्युलन्स. नाहीतर शेजारी बसायचं, गर्दी हटवायची, आणि तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीबिणी काही द्यायचं नाही. झालं. यात न जमण्यासारखं काही नाहीये. बहुतेक वेळा काही करायचं कमी असतं आणि न करायचंच जास्त असतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेच जमत नाही, हे मला कळतं.

पण मला खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या दिवशी, भावाचा दात तुटला त्या दिवशी, त्या गर्दीत एक बाई होत्या ज्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करायच्या. त्यांना सगळं माहिती होतं. हे आम्हाला नंतर कळलं, त्या स्वतःच आईला भेटायला आल्या तेव्हा. म्हणाल्या, मी बोलणार होते हो, पण तुमच्याकडची मोठी माणसं पुढे झालेली, मी परकी, मला वाटलं माझं कोण ऐकणार. आईने त्यांना चहूबाजूंनी धीर दिला, माझी आई तशीच आहे. मी नव्हता दिला. मला आजही तो चमचा आणणाऱ्यांपेक्षा त्या बाईंच्या गप्प राहण्याचा जास्त राग येतो. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी काही केलं नाही. आणि त्यांना गप्प बसायला कुणी शिकवलं? आपणच. आज जसं त्या मुलीला शिकवलं ना, "चारचौघांत कशाला बोलायचं", तस्संच त्यांनाही कधीतरी कुणीतरी बाजूला घेऊन समजावलं असणार. आज मला डोळ्यांसमोर तेच दिसलं, म्हणून एवढा संताप झालाय. ती मुलगी पुढच्या वेळी बोलणार नाही. आणि पुढच्या वेळी कुणीतरी खरंच जमिनीवर पडलेलं असेल.

चारचौघांत चूक सांगितली गेली असेल तर दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी ना? त्या काकांना नंतर कोपऱ्यात नेऊन सांगितलं असतं तर काका सुधारले असते, पण ज्या सगळ्यांनी माना डोलवल्या ते चमचाच घेऊन घरी गेले असते.

हां, मान्य, काही लोक दुसऱ्याला दुरुस्त करतात ते फक्त स्वतःची हुशारी दाखवायला, तसे मीही पाहिलेत. पण त्यांच्यामुळे सगळ्यांनीच तोंड बंद ठेवायचं का?

आणि सल्ल्यांचं तर बोलूच नका. फिट आलेल्या माणसाच्या घरच्यांना जगातला प्रत्येक जण सल्ला देतो. नाकाशी हे धरा, ते हुंगवा. कुणाला त्यात अजूनही काहीतरी बाहेरचं दिसतं. जवळजवळ २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी लिहून ठेवलंय की हा आजार, म्हणजे अपस्मार, दैवी वगैरे नाही, याचं मूळ मेंदूत आहे, आणि आपण अजून तिथेच! जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. ते उपचार म्हणजे बहुतेकांसाठी रोजच्या गोळ्या, न चुकता. आणि त्याच गोळ्यांबद्दल माझ्या भावाला एका भल्या माणसाने सांगितलं की अरे तुला बरेच दिवस आली नाहीये ना, मग कशाला शरीर खराब करतोस, बंद कर. यात गंमत अशी की हे पूर्ण खोटं नाहीये. बराच काळ, साधारण दोनेक वर्षं, फिट आली नाही तर डॉक्टर काही पेशंटच्या बाबतीत गोळ्या कमी करायचा विचार करतात. पण तो तपासून, हळूहळू, महिनोन्महिने डोस उतरवत. एकदम बंद केल्या तर जोरात फिट येऊ शकते, एकामागून एक येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. अर्धवट खरं असलेला सल्ला सगळ्यात वाईट. पूर्ण खोटं असेल तर माणूस निदान शंका तरी घेतो. आणि सल्ला देणारा रात्री दोन वाजता तिथे नसतो. तिथे आई असते.

लिहिता लिहिता परत चिडले. असो.

मला माहितीय आता काही जण म्हणतील की ताई, लोकांची चूक दाखवली की ते उलट आणखी अडून बसतात, काही उपयोग नसतो. हे मीही खूप ऐकलंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास आला होता, राजकीय गैरसमजांबद्दल, त्यात काही लोकांच्या बाबतीत असं दिसलं होतं, आणि ते सगळीकडे पसरलं. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांमध्ये तसं सहसा दिसलं नाही. बहुतेक लोक नीट माहिती मिळाली की थोडे का होईना सरकतात. म्हणजे बघा, "दुरुस्ती करून उपयोग नसतो" हाच एक गैरसमज, आणि तो आपण किती आवडीने जपलाय, कारण त्यामुळे गप्प बसायला कारण मिळतं.

दुसरे म्हणतील की टोन महत्त्वाचा, सेमेलवाइस आठव. आठवते ना. व्हिएन्नामध्ये १८४७ साली या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण त्याच्या वॉर्डात सुमारे १८ टक्के होतं ते काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. मग त्याने चिडून त्यांना उघड पत्रं लिहिली, खुनी म्हटलं, आणि लोक आणखी दूर गेले. बरोबर आहे. पण या गोष्टीतलं एक कुणी सांगत नाही, की त्याचं स्वतःचं पुस्तक यायला १८६१ उजाडलं. पत्रं त्यानंतरची. मधली बरीच वर्षं त्याने हे सविस्तर लिहिलंच नव्हतं. मला त्याचा राग कळतो, मला ती मधली वर्षं छळतात. त्या वर्षांत किती बायका गेल्या असतील.

तरीपण कसं सांगायचं याला महत्त्व आहे, तेवढं मी देते. आणि त्या मुलीने ते इतकं चांगलं केलं होतं की मला तिला कुठेतरी सगळ्यांसमोर उभं करून दाखवावंसं वाटतं. तिने नुसतं "चुकीचं आहे" असं म्हटलं नाही. काय करायचं तेही सांगितलं, एका वाक्यात. कुशीवर वळवायचं. हे फार लोकांना जमत नाही. एखादी खोटी गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे मानसशास्त्रात १९७७ पासून माहिती आहे. म्हणून चमचा चमचा चमचा करत बसलं, जसं मी इथे करतेय, तर लोकांच्या डोक्यात चमचाच राहतो. घाबरलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी काम लागतं. त्याला "हे करू नको" म्हणून सोडून दिलं तर तो तेच करणार. "इकडे ये, हे डोक्याखाली धर, घड्याळ बघ" म्हटलं तर तो ते करतो.

आमच्या त्या नातेवाइकांचं सांगायचं राहिलंच. आईने त्यांना काही दिवसांनी शेजारी बसवून सगळं नीट सांगितलं, न ओरडता, न रडता. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग विचारलं, परत आली तर मी काय करू, दाखव मला. आणि माझ्या भावानेच जमिनीवर झोपून त्यांना दाखवलं, कुठे हात ठेवायचा, गुडघा कसा दुमडायचा, कसं वळवायचं. त्यानंतर एकदा त्याला त्यांच्यासमोर फिट आली तेव्हा ते आवाज चढवून लोकांना मागे सरकवत होते आणि एका हाताने त्याचं डोकं सांभाळत होते. अपमानबिपमान काही झाला नाही त्यांचा. माणसावर जीव असेल तर माणूस ऐकतो. ऐकवायला मात्र कुणीतरी लागतं.

आणि एक. कमेंटमध्ये कुणीतरी नक्की लिहिणार आहे की "पण आमच्या घरी चमचा घातल्यावरच थांबली होती". म्हणून आधीच लिहून ठेवते. फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. तुम्ही घाबरणार, आत पळणार, चमचा शोधणार, परत येणार, दात उघडायची धडपड करणार, तोवर ती थांबतच आलेली असते. तुम्ही चमचा घालता आणि ती थांबते, म्हणून तुम्हाला वाटतं चमच्याने थांबली. ज्यांनी डोक्याखाली मऊ काही ठेवून नुसती वाट पाहिली त्यांचीही तेवढ्याच वेळात थांबली. फक्त त्यांच्या माणसाचे दात शाबूत राहिले.