माझ्या फुगडीचं काय झालं

गुरुवारपासून मी एका बाईंवर रागावलेली आहे. त्यांना याचा पत्ता नाही, आणि त्यांचं वय एक्याऐंशी असल्यामुळे तो लागू देणंही बरं दिसत नाही.

एडिंबरात दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये आमचा स्कॉटिश कंट्री डान्सचा वर्ग असतो. सहा वर्षं जाते आहे. यंदा स्वतःचा एक नाच बसवला. जिग (म्हणजे जलद चालीचा नाच), बत्तीस बारांचा. (बार म्हणजे तालाचं माप. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बत्तीस? एका संध्याकाळी?") शिकवणाऱ्या सरांनी तो करून बघायला दहा मिनिटं दिली. पहिली फेरी संपली आणि भिंतीकडच्या खुर्चीतून, मांडीवर शॉर्टब्रेडचा, म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचा, डबा घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "डिअर, तुझी बाई पुरुषांत राहिली."

सगळ्यांनी बघितलं. राहिली होती.

या नाचात पुरुष एका ओळीत, बायका समोर, अशा चार जोड्या उभ्या असतात. पहिल्या जोडीनं बत्तीस बारांत काय वाटेल ते करावं, पण शेवटी दुसऱ्या जागेवर, आपापल्या बाजूला यावं. मग तीच जोडी तिथून पुन्हा एकदा नाचते आणि शेवटाला जाते. माझी पहिली जोडी दुसऱ्या जागेवर आली, पण बाई पुरुषांच्या ओळीत आणि पुरुष बायकांच्या.

यात माझी चूक अर्धीच आहे. नाच मी जेवणाच्या टेबलावर बसवला, चार वाट्या म्हणजे बायका आणि चार पेले म्हणजे पुरुष. सतरा ते चोवीस बारांत तीन जोड्यांची वेणी घातली होती, आपल्याकडे गोफ विणतात तशी. ऐन वेणीत नवरा आला, म्हणाला, "वाट्या सगळ्या इथे होय!" आणि पहिल्या जोडीतली बाई आमटी घ्यायला घेऊन गेला. धुऊन परत ठेवली ती कुठे ठेवली, देव जाणे.

हे हॉलमध्ये कसं सांगणार? मी म्हटलं, "दुसऱ्यांदा नाचलं की दोघं आपोआप आपल्या बाजूला येतात."

"आणि तोवर ती काय करते? मिशी लावते?"

"कितीतरी स्ट्रॅथस्पेंमध्ये तिसरी-चौथी जोडी मुद्दाम उलट्या बाजूला उभी असते," मी अभ्यास काढला. (स्ट्रॅथस्पे म्हणजे या नाचांतला संथ प्रकार.)

"ती ठरवून उभी असते, डिअर. तुझी हरवली आहे."

(इंग्रजीतलं 'यू' आदरार्थी की एकेरी हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं. या बाईंचं 'यू' म्हणजे 'तू', यात मला शंका नाही.)

या बाई स्वतः नाचत नाहीत. गुडघा बदलल्यापासून डबा धरतात. पण कुठल्याही नाचाचं नाव घ्या, चोविसाव्या बाराला तिसऱ्या जोडीतला पुरुष कुठे तोंड करून उभा असतो ते सांगतील. हे नाच दहा हजारांहून जास्त आहेत. अ‍ॅबर्डीनच्या जॉन ड्र्यूरींनी एकट्यानं आठशेच्या वर बसवले. म्हणजे माझा एक आला काय नि गेला काय, कुणाचं अडलं नव्हतं. मला एवढंच म्हणायचंय की त्यांनी डबा बंद करून तोंड उघडलं, त्याऐवजी उलटं केलं असतं तर चाललं असतं.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीचं ते गरगर काढ. उजवा हात देऊन ओलांडा, बाहेरून वळून खाली जा. मग तुझी वेणी त्यांना घरी आणेल."

हॉलभर "आहा!" झालं.

उजवा हात देऊन ओलांडणं आणि बाहेरून खाली जाणं म्हणजे या नाचांतलं 'एक होता राजा'. असे सुरू होणारे नाच मोजायला बसलं तर पहाट होईल. आणि 'ते गरगर' म्हणजे माझी फुगडी होती. पहिले चार बार, हातांची फुली, पाय जुळवून, मागे रेलून. माझ्या नाचात माझं असं तेवढंच होतं. माझे जोडीदार, निवृत्त दंतवैद्य, मागे रेलायला तयार नव्हते हे खरं. पण फिरले! नंतर लाल होऊन हसत होते.

"ती माझी फुगडी आहे," मी पुटपुटले.

"काय म्हणालीस, फुग...?" बाईंनी विचारलं.

"फुगडी. मंगळागौरीला बायका खेळतात."

"मग पुरुषांनी का खेळायची?"

"वारीत पुरुषही खेळतात," म्हटलं आणि फसले. दहातली तीन मिनिटं वारी समजावण्यात गेली. अडीचशे किलोमीटर चालून वर फुगडी खेळतात म्हटल्यावर दंतवैद्यांनी गुडघ्यांची चौकशी केली.

पुरुषांच्या नाचाचंच म्हणाल, तर १९४० साली फ्रान्समधल्या सेंट व्हॅलरीला ब्रिटिश सैन्याच्या एकावन्नाव्या हायलँड डिव्हिजनचे स्कॉटिश सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. त्यांच्यातल्या अधिकाऱ्यांनी बव्हेरियातल्या लाऊफेनच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक रील (हाही जलद नाचाचाच प्रकार) बसवला. नाचायला सगळे पुरुषच. मधोमध सेंट अँड्र्यूचा तिरका क्रॉस करतात. आजही बहुतेक बॉलना, म्हणजे नाचाच्या मोठ्या समारंभांना, तो असतो आणि मला तो नाचताना भरून येतं. पण त्यांच्याभोवती नुसते जर्मन पहारेकरी होते. डबा घेतलेलं कुणी नव्हतं. ह्यू फॉस ब्लेचली पार्क या युद्धकाळातल्या ब्रिटिश केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचे आणि असले नाचही बसवायचे. मी पगारपत्रकं तपासते.

मग नावाचा विषय निघाला. मी ठेवलं होतं 'प्लंबरची वाट', कारण नाच बसवला त्या अख्ख्या शनिवारी मी त्याचीच वाट बघत होते. बाई म्हणाल्या, "काहीतरी तुमच्याकडचं ठेव की. ताजमहाल?"

इथे मात्र माझं हसू संपलं. ताजमहाल मी एकदाच पाहिला, सातवीच्या सहलीत, आणि तिथे माझी चप्पल गेली. आमच्या वर्गात एकीनं मांजरावर नाच बसवलाय, एकानं मामीच्या लग्नाच्या पन्नाशीवर. त्यांना कुणी म्हटलं नाही की एडिंबरचा किल्ला ठेवा. माझ्याकडून मात्र डब्यावर ताजमहालाचं चित्र हवं आणि आत फुगडी नको. मी हे बोलले नाही. "बघते," म्हटलं आणि पुढे केलेलं शॉर्टब्रेड घेतलं. चांगलं होतं, त्याचाही राग आला.

जाताना बाईंनी पेन्सिलीनं लिहिलेला कागद दिला. काल रात्री टेबलावर वाट्या-पेले मांडून तो करून बघितला. उजवा हात, ओलांडा, खाली, वेणी, सहा जणांचं रिंगण. एकूण एक वाटी आपापल्या बाजूला आली.

मी पहिल्या जोडीतली वाटी उचलून परत पेल्यांच्या ओळीत ठेवली आणि नवऱ्याला जेवायला हाक मारली.