वाटी बदलावी की राहू द्यावी

सांगलीला आईचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा डिस्चार्जच्या फायलीत इम्प्लांटची तीन स्टिकर चिकटवलेली होती: मांडीच्या हाडाचा भाग, नडगीच्या हाडाचा भाग आणि मधले प्लास्टिक. महिन्याभराने मामीचे ऑपरेशन झाले, आणि तिच्या फायलीत गुडघ्याच्या वाटीच्या बटणाचे चौथे स्टिकर निघाले. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर वाद पेटला आहे. आईच्या डॉक्टरांनी काम अर्धवट ठेवले, की मामीच्या डॉक्टरांनी बिल वाढवले?

लेस्टरला बसून हे वाचताना मला दोन्ही आरोप अन्यायाचे वाटतात. वाटी बदलणे म्हणजे ती काढून टाकणे नव्हे. तिच्या मागच्या झिजलेल्या बाजूचा आठ-दहा मिलिमीटर थर कापून तिथे पॉलिएथिलीनचे बटण बोन सिमेंटने बसवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या ५४,७२० रुपयांच्या संचात या बटणाचा वाटा होता ४,०९० रुपये. तेवढ्यासाठी कोणी डॉक्टर खोटे बोलेल, हे मला पटत नाही.

मामेभाऊ मात्र मला बजावतो की, तुमच्या इंग्लंडात तर सगळ्यांनाच बटण बसवतात. हे अर्धेच खरे आहे. डॉक्टरांना उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ‘नाइस’ या इथल्या सरकारी संस्थेने जून २०२० मध्ये प्रत्येक रुग्णाला बटण देऊ करावे असे सांगितले. पण १९९९ मध्ये सुरू झालेल्या ज्या ब्रिटिश चाचणीत १,७१५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती, तीत दहा वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या चालण्या-वावरण्यात ठळक फरक दिसला नव्हता. शिफारशीमागे मोठे कारण आहे ते नंतर केवळ वाटीसाठी कराव्या लागणाऱ्या दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चाचे, जो इथे सरकारी तिजोरीतून जातो. स्वीडन-नॉर्वेत बटण क्वचितच बसवतात, अमेरिकेत बहुतेकांना बसवतात, आणि या सर्व देशांत लोक चालतात.

आपल्याकडे हा दुसरा खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून जातो, म्हणून बटणाची बाजू उलट भक्कम होते, हे मी मान्य करते. तरीही आपल्या अनेक बायकांच्या वाट्या लहान आणि पातळ असतात. कापल्यावर साधारण बारा मिलिमीटर हाड उरले नाही, तर वाटी मोडण्याचा धोका वाढतो. मी फोन केला तेव्हा आईच्या सर्जननी नेमके हेच सांगितले: कॅलिपरने मोजली, पातळ निघाली, म्हणून कडेचे वाढलेले हाड साफ करून तशीच ठेवली. एका मिनिटाचे उत्तर होते. ते आईला कोणी दिले नव्हते, फायलीतही लिहिले नव्हते, आणि माझी तक्रार एवढीच आहे. इथे २००३ पासून सांधे बदलण्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद होते आणि वाटीचे काय केले हेही त्यात लिहितात. भारतातली अशी नोंद अजून सर्जनच्या इच्छेवर आहे.

जिना चढताना आईचा गुडघा पुढून दुखतो, म्हणून आता बटण बसवून घ्यावे असा मामीचा आग्रह आहे. तसे दुखणे बटण असलेल्यांनाही होते आणि मागाहून ते बसवल्याने थांबेलच असे नाही, हे मी आईला दोनदा समजावले आहे. शनिवारी भाऊ तिला तपासणीला नेणार आहे. वाटीची मोजलेली जाडी आणि ती न बदलण्याचे कारण तेवढे डॉक्टरांच्या हातून फायलीत लिहून घे, असे मी त्याला सांगितले आहे.