बोडोनीला नावं ठेवण्याआधी

'बोडोनी दिसतो छान, पण वाचवत नाही हो.' या इंग्रजी टाइपाबद्दल, म्हणजे अक्षरांच्या घाटाबद्दल, हे महिन्याभरात तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून लिहितोय. आधी मीही हेच म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाची इंग्रजी पत्रिका केली. मरून रंगाचा खरबरीत कागद, त्यावर सोनेरी फॉइल, निमंत्रकांची नावं बोडोनीत, कॅपिटलमध्ये, आकार बारीक, ८ पॉइंट. स्क्रीनवर काय थाट! छापून आली तेव्हा नवरीच्या आईच्या नावातले दोन्ही एन गायब. या टाइपात एनचे उभे दांडे केसाएवढे आणि तिरपा तेवढा जाड. फॉइलने दांडे धरलेच नाहीत, नुसत्या तिरप्या काठ्या उरल्या. एचचं आडवं उडालं, राहिले दोन खांब. ४०० पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने.

त्या रागात हा टाइप घडवणाऱ्या बोडोनीचं काम नीट पाहिलं आणि राग माझ्याकडेच वळला.

जाम्बात्तिस्ता बोडोनी १७६८ मध्ये इटलीतल्या पार्मा इथे ड्यूकच्या छापखान्यात रुजू झाला. तोवर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिल या मुद्रकाने गुळगुळीत कागदावर नाजूक अक्षर उमटतं हे दाखवलं होतं. बोडोनीने ते टोकाला नेलं. आपला बोरू तिरका कापलेला, म्हणून देवनागरीत जाड रेघ हळूहळू बारीक होते. बोडोनीत तसं नाही. जाड दांडा सरळ उभा, त्याच्या टोकाला केसाएवढी रेघ काटकोनात टेकलेली, मध्ये वळण म्हणून नाही. (बोडोनीला जुळतं देवनागरी करायचं म्हणून शिरोरेषाच केसाएवढी करणाऱ्यांनो, अक्षरं सुतळीला टांगल्यासारखी दिसतात. आवरा.)

पण हा गृहस्थ प्रत्येक आकाराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वेगळे घडवायचा. लहान खिळ्यात बारीक रेघ त्या मानाने जाड ठेवायची, म्हणजे शाई धरते. १८१३ मध्ये तो गेला. पुढे बायकोने, मार्गेरिताने, १८१८ मध्ये त्याच्या टाइपांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ काढला. त्यात एकाच अक्षराचे आकार थोड्या थोड्या फरकाने पानोपानी वाढत जातात.

आपण काय करतो? शीर्षकासाठी काढलेली एकच फाइल घेतो आणि कोपरा धरून ८ पॉइंटला आणतो. आयटीसी बोडोनी या संगणकावरच्या आवृत्तीत १९९० च्या दशकातच ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी तीन वेगळी रेखाटनं आली. मेन्यूत दिसतात, उघडून कोण बघतो?

मोठ्या शीर्षकाला, मासिकाच्या नावाला, अत्तराच्या खोक्याला हा टाइप खुशाल वापरा. काळ्यावर पांढरा, लहान अक्षरात, साध्या कागदावर मात्र नको. शाई पसरते आणि बारीक रेघ पहिली बुजते.

हल्ली कुणी 'ते फॅशन मासिकासारखं करा ना' म्हणालं की मी ती फसलेली पत्रिका ड्रॉवरमधून काढतो आणि निमंत्रकांची नावं मोठ्याने वाचायला सांगतो.