अंग आंबतं, पण दह्यासारखं नाही

दर पावसाळ्यात ट्रेकच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज यंदाही आला. ‘व्यायामाने स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं. ते दोन-तीन दिवस तिथेच राहतं, म्हणून अंग दुखतं. मालिश करा, लिंबूपाणी प्या, ॲसिड बाहेर पडेल. आणि दुखलं नाही, तर व्यायाम लागू पडला नाही असं समजा.’ खाली अंगठ्यांची रांग. आपली भाषाही या मेसेजच्याच बाजूची आहे म्हणा, ‘अंग आंबून गेलं’ असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलोय.

‘ॲसिड साचतं.’ दह्यात असतं ते लॅक्टिक ॲसिड. स्नायूचा सामू (म्हणजे पीएच, आम्लतेचं माप) सातच्या आसपास असतो, आणि तिथे हजारात एखादाच रेणू ॲसिडच्या रूपात टिकतो. बाकी सगळं लॅक्टेट, म्हणजे त्याच ॲसिडचं आम्लपण सोडून दिलेलं रूप. तेही कचरा नव्हे. हृदयाचा स्नायू ते सरळ इंधन म्हणून जाळतो, यकृत त्यातून पुन्हा ग्लुकोज बनवतं. यकृताचा हा फेरा शोधणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी यांच्याच नावाने तो ओळखला जातो. आत्ता तुम्ही खुर्चीत बसून हे वाचताय तेव्हाही तुमच्या तांबड्या पेशी लॅक्टेट बनवतायत.

मग ही समजूत आली कुठून? १९०७ साली इंग्लंडमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे कापून काढलेले स्नायू थकेपर्यंत आकुंचन पाववले आणि त्यांत लॅक्टिक ॲसिड साठलेलं दाखवलं. प्रयोग चोखच होता. पण कापलेल्या स्नायूला रक्तपुरवठा नाही, तर ते जाणार कुठे? जिवंत माणसाचा पाय म्हणजे बरणीतला बेडूक नव्हे.

‘दोन-तीन दिवस राहतं.’ इथे मेसेज पुरता आपटतो. विश्रांतीत रक्तात लिटरमागे साधारण १ मिलिमोल लॅक्टेट असतं. जीव तोडून पळालात तर ते १५-२०पर्यंत चढतं, पण तासाभरात, फार तर थोडं अधिक वेळात, मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. चोर पहिल्याच रात्री गाव सोडून गेला आणि चोरी झाली तिसऱ्या दिवशी, असला हा हिशेब.

सिंहगड आठवा. चढताना धाप लागते, छाती भात्यासारखी चालते. लॅक्टेट वाढतं ते तेव्हा. वर पिठलं-भाकरी, ताक होतं आणि उतरताना गप्पा मारत, श्वास न चढता आपण खाली येतो. पण दुसऱ्या दिवशी जिना चढताना फारसं काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो, आणि देशी संडासात बसताना देव आठवतो. कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो: आवळलेला असतानाच ताणला जातो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते, आणि त्या भागातले वेदनातंतू हळवे होतात. १९८३मध्ये अमेरिकेत हेच तपासलं गेलं. त्याच माणसांना ४५ मिनिटं एकदा सपाट ट्रेडमिलवर, एकदा उतारावर पळवलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय भरून आले.

व्यायाम चालू असताना जी जळजळ होते ती वेगळी. तेव्हा स्नायूतली आम्लता खरंच वाढते, पण थांबल्यावर ती काही मिनिटांत ओसरते. दोन्ही दुखणी एका दावणीला बांधली की असे मेसेज तयार होतात.

लिंबूपाण्याबद्दल फार लिहायला नको. तहान भागते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५मध्ये धरून ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बसलीयत, त्यांना लिंबाची मदत लागत नाही. मालिशने बरं वाटतं, दुखणं थोडं हलकंही होतं, जरूर करून घ्या. मात्र तेव्हा पिळून काहीही बाहेर पडत नसतं. लॅक्टेट लवकर उतरवायचंच असेल, तर धावून झाल्यावर मटकन न बसता दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला.

‘दुखलं तरच लागू पडलं’ हे सगळ्यात घातक. तोच गड पंधरा दिवसांनी पुन्हा उतरून बघा, पाय निम्मेही दुखणार नाहीत. स्नायू तेवढ्यात सरावलेला असतो, म्हणजे व्यायाम लागू पडलाय म्हणूनच दुखत नाही. उलट दुखण्याच्या मागे लागून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तुटलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरतंय असं समजा. अशा वेळी ग्रुपवर विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा.