माणशी रेट, गादीसकट

आई-बाबा फेब्रुवारीत टोकियोला येणार म्हटल्यावर चिरंजीवांनी जाहीर केलं की आजी-आजोबांना बर्फ दाखवायचा आणि आपण स्कीइंग करायचं, त्यावर बायको म्हणाली मग ऑनसेनवालंच, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं हॉटेल बघ, जे घसरणार नाहीत ते गरम पाण्यात बसतील. एवढ्याशा वाक्याने माझे तीन वीकेंड खाल्ले.

पहिला घोळ भाड्याचा. इथे गावाकडच्या ऑनसेन हॉटेलात रेट बहुतेक खोलीचा नसतोच, माणशी असतो, एक रात्र आणि दोन जेवणं, थोडक्यात मंगल कार्यालयातला ताटाचा रेट. खोली एक, चटया दहा (इथे खोली चटयांतच मोजतात), हिशोब पाच ताटांचा. त्यात पोराच्या नावापुढे चार ऑप्शन: जेवण आणि गादी, नुसतं जेवण, नुसती गादी, दोन्ही नको. मी 'दोन्ही नको' दाबून किती वाचतात ते बघत होतो आणि पोरगा मागेच उभा. त्याला आता कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचता येते हे मी साफ विसरलो होतो.

मग जेवण. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एका ठिकाणी मेल टाकली, अतिशय नम्र उत्तर आलं, मांस-मासे काही वाढणार नाही, फक्त सूप, भाज्या आणि सॉस माशाच्या पाण्यात केलेले असतील, चालेल का? हे माशाचं पाणी म्हणजे दाशी, सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस उकळून काढतात आणि ते इकडच्या स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं. व्हिडिओ कॉलवर बाबा पटकन "मला चालेल हो" म्हणाले आणि मग स्क्रीनवर बराच वेळ फक्त आईचा चेहरा होता.

त्यात आंघोळीचा नियम सांगायचा राहिला होता. अंगावर कपडा चालत नाही, स्विमिंग कॉश्च्युमसुद्धा नाही, बायकांचं वेगळं असतं पण आत सगळ्या तशाच. आई म्हणाली, "त्यापेक्षा आपल्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर काय वाईट होतं?" बरं, इथल्या १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून येणारं पाणी २५ डिग्रीचं असलं तरी त्याला ऑनसेन म्हणता येतं, म्हणजे पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बोअरवेलला एक पाटी लावायचीच काय ती बाकी आहे.

आणि खरा बॉम्ब पुढे. बऱ्याच ऑनसेनमध्ये टॅटूवाल्यांना बंदी, का तर टॅटू म्हणजे याकुझा, गुंड. आईच्या मनगटावर लहानपणी जत्रेत काढलेलं तुळशीवृंदावन आहे! सत्तरीला आलेली बाई, संकष्टी करते, आणि मी तिच्या गोंदणावर चिकटवायच्या पट्ट्या ऑनलाइन शोधतोय.

स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तर विचारूच नका. हॉटेलवाले लिहितात, 'लिफ्टपर्यंत चालत ५ मिनिटं'. इथे घरांच्या जाहिरातीत चालत १ मिनिट म्हणजे ८० मीटर असं धरतात, पण ते धड चपला-बूट घातलेल्या माणसाचं गणित, स्कीचे बूट घालून, पोराचं सामानसुद्धा खांद्यावर घेऊन चढावर चालणाऱ्या बापाचं नाही.

शेवटी ठरलं नागानोमधलं नोझावा ऑनसेन. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने ईयामा, पुढे २५ मिनिटं बस, आणि लिफ्टकडे जायला चक्क सरकता पट्टा. मिनशुकू, म्हणजे घरगुती लॉज घेतलं, सुदोमारी, म्हणजे नुसतं झोपायला, त्यामुळे दाशीचा प्रश्नच मिटला, डब्यात थालीपीठं. त्यांची छोटी न्हाणी आतून कडी लावून वापरता येते, तिथे आईची सोय. बाबांना गावातली १३ सार्वजनिक स्नानगृहं, गावकरीच सांभाळतात, गल्ल्यावर कुणी बसत नाही, दारात दानपेटी.

मी खूश होऊन आईला गावाचे फोटो पाठवले. त्यात ओगामाचा होता, ते जवळपास ९० डिग्रीचं कुंड, गावातल्या बायका त्यात भाज्या उकडतात. लगेच फोन.

"अरे, तिथे आपले बटाटे उकडता येतील?"

"नाही गं, ते फक्त गावकऱ्यांसाठी, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

"मग गावात कुणाची तरी ओळख काढ की."