गोरखचिंच दोन हजार वर्षं जगते, म्हणून काय?

पावसाळा तोंडावर आला, वृक्षारोपणाचे बेत सुरू झाले की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: "आफ्रिकेच्या सॅव्हानातली (म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ माळांवरची) झाडं हजारो वर्षं दुष्काळ पचवत आली आहेत, त्यांना हवामानबदलाचं भय नाही. उलट कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे तिथे झाडं वाढताहेत, म्हणजे विविधताही वाढतेय. काही वाण गेलेच तर निसर्ग नवे घडवेल, आणि बियाणं बँकांत आहेच. जनुकीय विविधतेचा बाऊ सोडा, माळरानं हिरवी करा." सोबत गोरखचिंचेचा, म्हणजे आफ्रिकेतल्या बाओबाबचा, अवाढव्य बुंध्याचा फोटो. (जनुकीय विविधता म्हणजे एकाच जातीच्या झाडांमधले वंशागत फरक.)

मेसेज लिहिणारा अडाणी नाही, हीच पंचाईत. निम्मी वाक्यं खरी आहेत, पण त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष खोटे आहेत.

"हजारो वर्षं दुष्काळ पचवले"

पचवले, पण सगळ्यांना शेवटपर्यंत पचले नाहीत. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या 13 गोरखचिंचांपैकी 9 आणि सर्वांत मोठ्या 6 पैकी 5 साधारण बारा वर्षांच्या अवधीत पूर्ण मेल्या किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले, असं 2018 मध्ये 'नेचर प्लँट्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. त्यात झिम्बाब्वेतली पांके होती, वय सुमारे 2450 वर्षं. बोट्सवानातली प्रसिद्ध चॅपमनची गोरखचिंच 2016 मध्ये आडवी झाली. संशोधकांनी तापमानवाढ आणि कोरड्या हवेकडे बोट दाखवलं, पण हे अजून सिद्ध व्हायचं आहे असंही स्वतःच लिहिलं. म्हणून या आकड्यांवर मी माझी सगळी भिस्त ठेवत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. दीड हजार वर्षांचं झाड रुजलं तेव्हाचा पाऊस वेगळा होता. मोठं झाड बुंध्यात पाणी साठवून दोन-चार वाईट वर्षं काढतं. बोटभर रोपाला तशी सोय नसते. त्याला लागोपाठ बऱ्या पावसाची वर्षं लागतात, वणवा लागतो तो चुकवावा लागतो आणि गुराढोरांच्या तोंडातून वाचावं लागतं. त्यामुळे कित्येक भागांत म्हातारी झाडं दिमाखात उभी आणि तरुण झाडं शोधावी लागतात, असा प्रकार आहे. अशा ठिकाणी पानं गोळा करून जनुकं तपासली तर विविधता भरपूर दिसेल. पण ती जुन्या पावसाची कमाई आहे. पुढच्या पिढीत ती उतरतेय का, हे म्हातारी झाडं मोजून कळत नाही.

ती उतरणं सोपंही नसतं. राणीच्या बागेत किंवा वसईच्या बाजूला गोरखचिंच फुलते तेव्हा संध्याकाळी थांबून बघा. लांब देठावर उलटं लोंबणारं, तळहातापेक्षा मोठं पांढरं फूल अंधार पडताना उमलतं, त्याला काहीसा उग्र वास येतो. मोठी वटवाघळं मधासाठी येतात आणि अंगाला पराग माखून दुसऱ्या झाडावर जातात. दुसऱ्या दिवशी ते फूल तपकिरी, मलूल होऊन खाली पडलेलं सापडतं. म्हणजे मुदत जेमतेम एका रात्रीची. त्यात परक्या झाडाचा पराग मिळाला तरच फळ नीट धरतं. झाडं विरळ झाली, फुलण्याच्या वेळा मागेपुढे झाल्या, वटवाघळं कमी झाली, की त्याच त्या दोन-चार झाडांत देवाणघेवाण चालू राहते. झाडांची गणती तेवढीच राहते आणि नवी पिढी मोजक्याच आईबापांची होते.

"झाडं वाढताहेत, म्हणजे विविधता वाढतेय"

पहिलं अर्ध खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. आफ्रिकेच्या अनेक सॅव्हानांत झाडंझुडपं दाटताहेत. दरवर्षी गवताचा वणवा लहान झाडं जाळतो, ती मुळांतून पुन्हा फुटतात. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असला की ती भराभर वाढतात आणि आगीच्या उंचीच्या वर लवकर निघतात. चराई वाढून गवत घटलं की आगही मंदावते.

पण दाटतंय कोण? बऱ्याच ठिकाणी डायक्रोस्टॅकिस: बाभळीसारखं काटेरी झुडूप, अर्धं गुलाबी अर्धं पिवळं तुऱ्यासारखं फूल. आपल्याकडे देशावरच्या माळांवरही ते सापडतं. मुळांतून धुमारे फोडत ते जाळी करतं, म्हणजे वीस बुंधे दिसले तरी झाड जनुकांच्या हिशेबाने एकच असू शकतं. लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे माणसं जमली आणि सगळी एकाच आजोबांची नातवंडं निघाली, तसं हे. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, नातं दिसत नाही.

"निसर्ग नवे वाण घडवेल"

हा या मेसेजमधला सर्वांत फसवा मुद्दा. निसर्ग निवड करतो ती हाताशी असलेल्या मालातून. मागणी आली म्हणून माल तयार करून देत नाही.

आपल्या शमीचं आफ्रिकेतलं भावंड आहे, प्रोसोपिस आफ्रिकाना. बुर्किना फासो आणि नायजरमधल्या कमी-जास्त पावसाच्या ठिकाणांहून त्याचं बी गोळा करून एका कोरड्या जागी लावून पाहिलं गेलं. कोरड्या मुलखातल्या झाडांची रोपं ओल्या मुलखातल्या रोपांपेक्षा जास्त जगली आणि जास्त वाढली. जात तीच, जमीन तीच, फरक वंशाचा. उद्याच्या तापत्या हवेत कामी येणारं बी आज कोरड्या कडेला उभ्या असलेल्या झाडांत आहे, आणि कोरड वाढली की पहिला फटका त्याच कडेला बसतो.

असं आधी घडलेलं आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांत साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, मोठे दुष्काळ पडले. खैराच्या नात्यातलं सेनेगालिया सेनेगल हे झाड, ज्याचा डिंक सुदानमधून जगभर जातो, उत्तरेच्या कोरड्या भागात मोठ्या प्रमाणावर मेलं आणि डिंकाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. नकाशावर पट्टा सरकलेला दिसतो, पण उत्तरेची झाडं काही चालत दक्षिणेला गेली नाहीत. ती तिथेच मेली, त्यांच्यातलं जे फक्त त्यांच्यातच होतं ते घेऊन. नव्या वाणाची वाट बघायची म्हटलं तर रानातली गोरखचिंच पहिलं फूल द्यायलाच कित्येकदा पंधरा-वीस वर्षं घेते. हवा इतकी थांबणार नाही.

"बियाणं बँकांत आहे"

गोरखचिंचेचं बी सुकवून ठेवता येतं, कबूल. पण ज्याचं लोणी मुंबईच्या मॉलमध्ये क्रीमच्या डबीत मिळतं, त्या शिया या आफ्रिकी झाडाचं बी सुकवलं की मरतं. काही आठवड्यांत रुजवावं लागतं. त्याची बँक म्हणजे शेतातली जिवंत झाडंच.

"माळरानं हिरवी करा"

इथे विषय आफ्रिकेतून थेट आपल्या अंगणात येतो. पुणे-सोलापूरकडची माळरानं म्हणजे तुटलेलं जंगल, असं गृहीत धरून मुंबईहून कंपन्यांच्या बसेस खड्डे खणायला जातात. मराठीतलं तेराव्या शतकापासूनचं जुनं साहित्य चाळून केलेला एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उल्लेख आलेल्या 44 रानवनस्पतींपैकी 27 सॅव्हानाच्या निघाल्या. हिवर, बाभूळ, पळस यांचा हा मुलूख निदान साडेसातशे वर्षं असाच उघडा आहे. त्यात गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडाच्या रांगा लावणं म्हणजे गवताला सावलीत मारणं. आणि देशी झाडं लावली तरी रोपवाटिकेने बी दारातल्या एकाच हिवरावरून झोडपलेलं असेल तर हजार रोपं एका आईची. जाणकार वनाधिकारी लांब-लांबच्या तीसेक झाडांवरून बी घ्या म्हणतात ते उगाच नाही.

ग्रुपवर शेवटी कुणीतरी लिहितंच: "आफ्रिकेतली गेली तरी आपल्या गोरखचिंचा आहेत की!" याचंही उत्तर आहे. 2015 मध्ये भारतातल्या गोरखचिंचांची जनुकं आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिली गेली. ती इथे एकदा नव्हे, अनेकदा आणि समजुतीपेक्षा लांबलचक काळात आलेली दिसली. पश्चिम आणि मध्य भारतातली झाडं आफ्रिकेतल्या गटांहून वेगळी पडली. एकूण विविधता आफ्रिकेपेक्षा कमी, त्यामुळे तिकडची भरपाई इथून होणार नाही. पण जनुकांची काही रूपं अशी सापडली जी तपासलेल्या आफ्रिकी झाडांत नव्हती. सांताक्रूझची जुनी गोरखचिंच 2024 मध्ये मेट्रोच्या कामात तोडली गेली तेव्हा ग्रुपवर वाद रंगला तो तिच्या वयाचा. तिच्या बियांची रोपं कुणी केली होती का, हे मात्र त्या वादात कुणी विचारलं नाही.