नेत्यावरचं नाटक त्याच्याशी भांडू शकणाऱ्यांनी करावं

पुण्यात एखाद्या राजकीय नेत्याच्या आयुष्यावर नाटक येतंय असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: भूमिका कोण करतंय? आणि लगेच दुसरा: दिसतो का तसा? पेपरातल्या जाहिरातीत पगडी, मिशी किंवा चष्मा लावलेला नट भलामोठा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत ही नावं खाली बारीक अक्षरांत. प्रयोग सुटल्यावर बालगंधर्वच्या आवारात चर्चा कशाची, तर रंगभूषेची. 'अगदी हुबेहूब हो!'

मला याचा मनापासून त्रास होतो. नेता रंगमंचावर कसा उभा राहणार हे रंगभूषेच्या कितीतरी आधी, संहितेच्या पहिल्या वाचनाला ठरलेलं असतं. त्या वाचनाला बसलेली पाच-सहा माणसं जर सगळीच त्या नेत्याची भक्त असतील, तर पुढे कितीही चांगला नट आणा, प्रेक्षकाला पुतळाच बघायला मिळणार. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की अशा नाटकाच्या टीममध्ये त्या नेत्याचं राजकारण न पटणारं एक तरी माणूस हवंच. आणि तालमीत त्याचं ऐकलं गेलं पाहिजे.

एक प्रसंग सांगते. 1882. कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर अडकले होते. तेव्हा जामिनासाठी दहा हजारांची सोय कुणी करून दिली? जोतीराव फुल्यांनी. आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना त्यांनी पुढे केलं. पुढे दोघं डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा सत्यशोधक मंडळींनी त्यांचं स्वागतही केलं. आता बघा, टिळकांवर नाटक करणाऱ्या भक्तांना हा प्रसंग अडचणीचा, कारण पुढे टिळकांनी सत्यशोधकांच्या मागण्यांना केलेला विरोध मग दाखवावा लागतो. फुल्यांवर नाटक करणाऱ्या भक्तांनाही तो अडचणीचा, कारण पुढच्या वैराची सरळ रेघ मध्येच तुटते. दोन्हीकडून तो गळतो. पण नाटक म्हणून याच्याइतका भरलेला प्रसंग त्या सगळ्या काळात शोधून सापडणार नाही! वाचनाला 'हे का काढलंत?' असं विचारणारं कुणी बसलेलं असेल तरच तो टिकतो.

विश्राम बेडेकरांनी नाटकाला नावच 'टिळक आणि आगरकर' दिलं, याचा मला फार आदर वाटतो. एकाच वर्षी, 1856च्या जुलैमध्ये, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले दोघं. 101 दिवसांचा तुरुंग एकत्र भोगलेले. मग मतभेद, आगरकरांचं 'केसरी' सोडणं, 1888चा 'सुधारक', 1890 मध्ये टिळकांचा डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा. याच शहरात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. 1895 मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले आणि 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला टिळकांनी. इतकं सगळं समोर असताना एखादी टीम आगरकरांना नुसते खोकणारे दमेकरी करून कोपऱ्यात बसवते आणि चांगली वाक्यं सगळी टिळकांना देते, तेव्हा अन्याय आगरकरांवर होतोच, पण टिळकांवर जास्त होतो. ज्याच्याशी वाद घालताना टिळकांना घाम फुटला असेल असा माणूस समोर नसेल, तर टिळकांचं मोठेपण प्रेक्षकाने मोजायचं कशावर?

मी प्रकाशयोजना करते, त्यामुळे आमच्या बाजूचंही बोलायला हवं. नेत्याच्या एन्ट्रीला मागून प्रखर लाइट, थोडा धूर, चेहरा आधी काळोखात, मग समोरचा लाइट हळूहळू वर न्यायचा. सोबतीला शंख किंवा तुतारी. टाळी हमखास येते. लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरवरचं काही सेकंदांचं काम आहे हे. पण या टाळीचा त्या माणसाच्या कामाशी काडीचा संबंध नसतो. ती टाळी प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. संगीतकारांचंही तेच. रेकॉर्डेड जयजयकार वाजवला की लेखकाने गर्दी का जमली ते लिहायची गरज उरत नाही. तालमीत 'इथे संगीत नको, वाक्य पुरेसं आहे' असं म्हणणारा संगीतकार मला सगळ्यांत मोठा वाटतो.

टीमने मिळून विचार केला की काय होतं याचं उदाहरण पुण्याइतकं कुणाकडे असणार? 'घाशीराम कोतवाल' हे काही चरित्रनाट्य नव्हे, तेंडुलकरांनी तसा दावा कधी केला नाही. पण नाना फडणवीसांसारखा राज्यकर्ता त्यात होता. 16 डिसेंबर 1972ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. ती माणसांची भिंत, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात गर्दी, ती यांतल्या एकाच कुणाची म्हणून वेगळी काढता येत नाही. ते करणाऱ्या नाट्यसंस्थेतूनच विरोध होऊन 19 प्रयोगांनंतर नाटक थांबलं. मग त्याच मंडळींनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी केली आणि नाटक जगभर नेलं. टीम म्हणजे ही. संहितेसाठी संस्था सोडणारी.

दुसरं, 'सत्यशोधक'. गो. पु. देशपांड्यांची संहिता, अतुल पेठेंचं दिग्दर्शन, 2012. जोतीरावांचं आयुष्य रंगमंचावर मांडलं पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी, त्यांच्या युनियनच्या साथीने. इथे पात्रनिवड हाच दिग्दर्शकाचा सगळ्यात मोठा अन्वयार्थ होता. ज्या पुणे नगरपालिकेत जोतीराव सदस्य होते आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला, त्याच पालिकेचे झाडूवाले त्यांची वाक्यं बोलत होते. तिथे 'हुबेहूब दिसतो का' हा प्रश्न कुणाला सुचेल तरी का? आणि स्वतः जोतीरावांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं, ते नाकारलं गेलं. नाटक कुणाच्या हातात असतं हे त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकाबद्दल एवढंच म्हणते की अजित दळवींनी राष्ट्रपित्याविरुद्ध त्याच्याच मुलाला उभं केलं, हरिलालला, आणि चंद्रकांत कुलकर्णींनी त्याचा आवाज दाबला नाही. गांधी त्यातून लहान झाले नाहीत.

आता पैशाचं. चरित्रनाट्याला पैसा बहुतेक वेळा त्या नेत्याच्या चाहत्यांकडून येतो. जयंती-पुण्यतिथीला प्रयोग विकत घेतले जातात, संहिता 'जरा नजरेखालून घालायला' घरच्यांकडे आणि कार्यकर्त्यांकडे जाते. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळवण्याआधीच ही दुसरी सेन्सॉरशिप होऊन गेलेली असते. कुटुंबाशी बोलावं, त्यांच्याकडची पत्रं-डायऱ्या आदराने वाचाव्यात, पण एखादा प्रसंग ठेवायचा की नाही याचा निर्णय लेखक-दिग्दर्शकाने त्यांच्या हाती देऊ नये. निर्मात्याशी करार करतानाच हे लिहून घ्यावं. आणि संशोधन करणाऱ्याचं नाव जाहिरातीत छापावं. केसरी वाड्यात जुने अंक चाळत बसणाऱ्या मुलामुलींना साधा प्रवासखर्चही मिळत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

मला स्वतःला बघायचंय ते यशवंतराव चव्हाण आणि एसेम जोशींचं नाटक. 30 नोव्हेंबर 1957. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू येतायत, यशवंतराव मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, आणि खाली संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळी निशाणं घेऊन उभे. त्यांना शांत ठेवायची जबाबदारी एसेमवर. दोघंही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, दोघांनाही महाराष्ट्र हवा आहे. लेखक एसेमच्या बाजूचा आणि दिग्दर्शक यशवंतरावांच्या बाजूचा असेल, तर त्या तालमीला मी पहिल्या वाचनापासून येऊन बसेन. कुणी लिहीत असाल तर खरंच कळवा, मेसेज करा. कोथरूडला तालमीसाठी जागा आहे माझ्याकडे.